गॉल : तटाच्या आतली वस्ती

श्रीलंकेच्या नैऋत्य टोकाला गॉल नावाचे जुने बंदर आहे. क्रिकेट पाहणाऱ्या घरांना हे नाव ठाऊक असते. 22 जुलै 2010 रोजी मुथय्या मुरलीधरनने भारताच्या प्रग्यान ओझाला बाद करून कसोटीतला 800वा बळी घेतला, तो इथल्याच मैदानावर. टीव्हीवर मैदानामागे काळसर दगडी तट दिसतो आणि त्यावर बसून लोक फुकटात सामना पाहताना दिसतात. त्या तटाच्या आत एक अख्खे गाव नांदते आहे. तिथे शाळा आहेत, चर्च आहे, बौद्ध विहार आहे, मशीद आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मुस्लिम कुटुंबे आहेत.

मी पहिल्यांदा तिथे गेलो त्याच 2010 साली. यादवी युद्ध संपून वर्ष झाले होते आणि देश मोकळा श्वास घेत होता. दुसऱ्यांदा, चौदा वर्षांनी, आम्ही नवराबायको दोघे गेलो. आम्ही मुरूडच्या बाजूचे. जंजिऱ्याचा तट लहानपणापासून डोळ्यांसमोर असल्यामुळे समुद्राकाठी तट दिसला की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो : आत आता कोण राहते?

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून गॉलला जाणारी गाडी साधारण अडीच-तीन तास घेते. जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी, कारण बराच वेळ रूळ समुद्राला चिकटून धावतात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिया नावाचे छोटे ठिकाण लागते. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत इथे एक भरलेली प्रवासी गाडी लाटेत सापडली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. आमच्या डब्यातल्या एका म्हाताऱ्या सिंहली बाईंनी त्या जागी हात जोडले. आम्ही ‘इन्ना लिल्लाहि’ म्हटले. दोघांनीही एकमेकांना काही विचारले नाही.

गॉल स्टेशनातून बाहेर पडले की चालत दहा मिनिटांवर तट आहे. आत जायला दोन दरवाजे. मोठा दरवाजा इंग्रजांनी 1873 मध्ये रहदारीसाठी फोडला. जुना दरवाजा बंदराच्या बाजूला आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला इंग्रजांचे राजचिन्ह आणि आतल्या अंगाला डच ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह, त्यात कोंबडा आणि 1669 हे साल कोरलेले. एकाच कमानीच्या दोन तोंडांवर दोन सत्ता बसल्या आहेत.

त्यांच्याही आधी पोर्तुगीज आले. 1505 च्या सुमारास लोरेन्सो द आल्मेडा हा पोर्तुगीज सरदार मुस्लिम व्यापाऱ्यांच्या मसाल्याच्या जहाजांच्या मागावर निघाला आणि श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागला. हाच लोरेन्सो 1508 मध्ये आपल्या चौलच्या समुद्रात, इजिप्तच्या आरमाराशी लढताना मारला गेला. पोर्तुगिजांनी गॉलला पहिला कोट बांधला. 1640 मध्ये कँडीच्या राजाच्या साथीने डचांनी तो जिंकला आणि आज दिसतो तो भक्कम तट उभारला. 1796 मध्ये सारे इंग्रजांच्या हाती गेले. 1988 मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

तटावरून फेरी मारायला रमतगमत दीड तास पुरतो. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला लाल कौलांची छपरे. बुरुजांना सूर्य, चंद्र, तारा अशी नावे आहेत. डचांनी जमिनीखाली अशी गटारे बांधली, की भरती-ओहोटीच्या पाण्याने ती आपोआप धुतली जावीत. आपल्या नगरपालिकांनी बघून यावे असे हे काम आहे.

पण या तटाचा आणि मुसलमानांचा संबंध सरळ नाही. श्रीलंकेतल्या मुस्लिमांना ‘मूर’ म्हणतात. हे नाव पोर्तुगिजांनी दिले. अरब व्यापारी इथे येत, दालचिनी, वेलदोडे, हत्ती आणि रत्ने नेत. काही इथेच राहिले, इथल्या मुलींशी निकाह केले, संसार मांडले. मसाल्याचा व्यापार हातात घ्यायचा तर या लोकांना किनाऱ्यावरून हटवावे लागेल, हे पोर्तुगिजांनी ओळखले. 1626 मध्ये त्यांनी आपल्या मुलखातून मूरांना हद्दपार केले. तेव्हा कँडीचा बौद्ध राजा सेनरत याने त्यांना आसरा दिला आणि सुमारे 4,000 जणांना पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआच्या भागात वसवले. हा उपकार श्रीलंकेतले मुस्लिम आजही विसरलेले नाहीत.

तटाच्या कितीतरी आधीपासून मुसलमान गॉलला होते. 1344 मध्ये इब्न बतूता श्रीलंकेत आला. हजरत आदम (अ.) यांचे पाऊल ज्या शिखरावर उमटले अशी जुनी समजूत आहे, ते शिखर पाहून तो दक्षिण किनाऱ्याने परतला. वाटेत ‘काली’ नावाच्या गावात इब्राहीम नावाच्या मुस्लिम नाखुदाने त्याला घरी ठेवून घेतले, असे त्याने लिहून ठेवले आहे. काली म्हणजेच गॉल. नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान, आणि आपल्या कोकणातला ‘नाखवा’ हा शब्द त्याचाच. आपल्या दौलताबादेलाही येऊन गेलेल्या त्या प्रवाशाने गॉलची आठवण ठेवली ती एका घराच्या पाहुणचारासाठी. किल्ला तेव्हा नव्हताच.

आतल्या एका गल्लीला आज ‘पेडलर स्ट्रीट’ म्हणतात. डचांच्या काळातले तिचे नाव ‘मूर्स क्रामर स्ट्राट’ होते, म्हणजे मूर फेरीवाल्यांची गल्ली. जिथे आमच्या बिरादरीतली माणसे पाठीवर कापडाचे गाठोडे घेऊन दारोदार फिरत, तिथे आज काचेची मोठी दालने आहेत आणि एका कॉफीच्या किमतीत बाहेरच्या बाजारात दोघांचे जेवण होते.

मग हे गाव मुसलमानांचे झाले कसे? त्याचे कारण बंदराच्या पडत्या काळात आहे. 1869 मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला, जहाजे मोठी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजांनी कोलंबोला लाटा अडवणारा मोठा बांध घातला. व्यापार तिकडे गेला. गॉल मागे पडले. गोरे अधिकारी गेले. विसाव्या शतकात डच वंशाची बरीच बर्गर कुटुंबेही ऑस्ट्रेलियाला निघून गेली. ज्या घरांना कोणी विचारत नव्हते ती मुस्लिम व्यापाऱ्यांनी घेतली, राहती ठेवली, गळकी कौले दरवर्षी शाकारली. ज्यांना समुद्रावरून हाकलण्यासाठी परके लोक इथे कोट बांधून बसले, त्यांच्याच लेकरांनी त्या कोटातली घरे पडू दिली नाहीत.

दीपस्तंभासमोर मीरान मशीद आहे. लांबून पाहणारा तिला हटकून चर्च समजतो. दोन बाजूंना दोन मनोरे, मधे उंच दर्शनी भिंत, सगळे पांढरेशुभ्र. जवळ गेल्यावर चंद्रकोर आणि अरबी अक्षरे दिसतात. आजचे हे रूप विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे. जवळच बहजतुल इब्राहिमिया हा अरबी मदरसा आहे, 1892 साली सुरू झालेला.

आम्ही पोहोचलो आणि असरची अजान झाली. घड्याळात साडेतीनच वाजले होते. मुंबईच्या बहुतेक मशिदींत इतक्या लवकर असर होत नाही, पण आमच्या गावी होते. श्रीलंकेतले मुस्लिम आम्हा कोकण्यांसारखेच शाफई आहेत. दुसऱ्या दिवशी फज्रच्या दुसऱ्या रकातीत इमामसाहेबांनी कुनूतसाठी हात उचलले, तेव्हा परमुलखात असल्याची जाणीवच गेली. अरबस्तानातून वाऱ्याबरोबर निघालेली तीच गलबते कधी कोकणाला लागली, कधी मलबारला, कधी इथे, आणि नमाजाची तीच रीत मागे ठेवून गेली.

खुत्ब्याची भाषा तमिळ. घरातही तमिळ, बाजारात सिंहली. आपल्याकडे लोक विचारतात, ‘मुसलमान असून मराठी कसे बोलता?’ तसाच प्रश्न त्यांनाही सोसावा लागतो. तिथे थोरल्या भावाला ‘नाना’ म्हणतात. रस्त्यातला सिंहली रिक्षावालाही मुस्लिम दुकानदाराला ‘नाना’ अशीच हाक मारतो. आम्हाला ते ऐकून हसू आले. आपल्याकडेही प्रत्येक आळीत एक नाना असतोच.

असे एक नाना मशिदीच्या पायरीवर भेटले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. रत्नांचा व्यापार. त्यानिमित्ताने मुंबईच्या झवेरी बाजारात अनेक वेळा येऊन गेलेले, त्यामुळे हिंदी चांगले. मी त्यांना म्हटले, “मागच्या वेळी या गल्लीत घरांच्या दारांत बायका बोलत बसलेल्या दिसल्या होत्या. आता नुसते फलक दिसतात.”

ते म्हणाले, “बरोबर पाहिलेत. ही सहा घरे मोजा. माझ्या लहानपणी सहाही आमच्यातली. आता दोन उरली. बाकी हॉटेले.”

“कोणी त्रास दिला का?”

“छे. पैसे दिले.”

हे शतक सुरू झाले तेव्हापासून परदेशी लोक इथली घरे घेऊ लागले. किमती अशा चढल्या, की इथल्या माणसाला स्वतःच्या गल्लीतले घर घेणे अशक्य झाले. नानांच्या थोरल्या भावानेही घर विकले. मी त्यात काही खंत व्यक्त केली असावी, कारण नाना जरा करड्या आवाजात म्हणाले, “भावाला तीन मुली, दोन मुले. शरीयतप्रमाणे प्रत्येकाचा हिस्सा. हे जुने घर तोडता येत नाही, मधे भिंत घालता येत नाही, मजला चढवता येत नाही. वारसा आहे ना! मग पाच जणांत वाटायचे कसे? एकाने ठेवायचे तर बाकी चौघांना द्यायला पैसा कुठून आणायचा? विकले, तेव्हा मुलींना त्यांचा हक्क पूर्ण मिळाला. घर वाचवण्यासाठी मुलींचा हिस्सा बुडवला असता, तर ते बरे दिसले असते का?”

मी गप्प झालो. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांपुढे हाच प्रश्न आहे. मुरूड, श्रीवर्धन, हर्णे, दाभोळ, कुठेही बघा. बाप गेला, मुलगे कुवेतला किंवा मुंबईला, मुली सासरी. वाडा वाटता येत नाही आणि ठेवताही येत नाही. मग एखादा मुंबईचा गिऱ्हाईक येतो. एका हाताला अल्लाहने ठरवून दिलेला लेकीचा हक्क, दुसऱ्या हाताला मोहल्ला आणि मशिदीची सफ. दोन्ही खरे आहेत.

या प्रश्नाची एक वाट आम्ही उतरलो होतो त्या घरात दिसली. घरमालकीण विधवा, वय साठीच्या आसपास. तिथे थोरल्या बहिणीला ‘रात्ता’ म्हणतात, तेव्हा आमच्या घरच्या मंडळीने पहिल्याच दिवशी त्यांना रात्ता केले. नवऱ्यामागे भावंडांत घर विकायचे ठरत होते. रात्तांनी सुचवले, की विकू नका, मागच्या चौकाकडच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्या, मी सांभाळीन, आणि वर्षाकाठी जे उरेल ते ज्याच्या-त्याच्या हिश्श्याप्रमाणे वाटा. सगळे लिहून, साक्षीदारांसमोर सह्या करून झाले. हिशेबाची वही त्या स्वतः ठेवतात. सिडनीला असलेल्या पुतणीलाही तिचा वाटा पोहोचतो. 2022 च्या आर्थिक संकटात पेट्रोल नव्हते, वीज नव्हती, पाहुणेही नव्हते, तेव्हा कोणालाच काही मिळाले नाही. तरी घर टिकले, कारण कोणाचा हक्क मारला गेला नव्हता, म्हणून कोणी भांडले नाही.

रात्तांच्या हातचे वटलप्पमही लिहिण्यासारखे. नारळाचे घट्ट दूध, काळा गूळ, अंडी आणि वेलची एकत्र करून वाफवलेला हा गोड पदार्थ. मलाय मुस्लिमांनी तो श्रीलंकेत आणला असे सांगतात. ईदला तो घरोघरी होतोच. सिंहली शेजारीसुद्धा त्या दिवशी त्याची वाट पाहतात. आमच्या घरच्या मंडळीने कृती लिहून आणली आहे.

सुनामीची गोष्ट रात्तांनी स्वयंपाकघरात बसून सांगितली. त्या सकाळी तटाबाहेरचे बसस्थानक आणि क्रिकेटचे मैदान पाण्याखाली गेले. शहरात शेकडो माणसे मेली. तटाने लाट अंगावर घेतली आणि आतली वस्ती बहुतांशी बचावली. “डचांनी भिंत त्यांच्यासाठी बांधली होती,” त्या म्हणाल्या, “अल्लाहने आमच्या कामी लावली.” मग बाहेरचे लोक आत धावत आले. कोण सिंहली, कोण तमिळ, कोण मुस्लिम हे त्या दिवशी कोणी विचारले नाही. घराघरातून चादरी, साड्या, भात बाहेर आला.

त्यानंतरची वर्षे मात्र तशी नव्हती. नोव्हेंबर 2017 मध्ये गॉलच्या अगदी जवळ गिंतोटा इथे मुस्लिमांच्या घरादुकानांवर हल्ले झाले. 21 एप्रिल 2019 रोजी, ईस्टरच्या दिवशी, मुस्लिम म्हणवणाऱ्या काही दहशतवाद्यांनी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट करून 250 हून अधिक निरपराध माणसे मारली. शिक्षा मात्र साऱ्या समाजाने सोसली. मग करोनाच्या काळात सरकारने मृतांचे दहन सक्तीचे केले. दफन केले तरी चालते असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असतानाही मुस्लिमांच्या मयती जाळल्या गेल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये हा नियम मागे घेतला आणि जुलै 2024 मध्ये श्रीलंका सरकारने त्याबद्दल माफी मागितली. या साऱ्याबद्दल रात्ता फारशा बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, की ईस्टरनंतरच्या आठवड्यात शेजारच्या सिंहली बाई रोज संध्याकाळी येऊन दाराशी बसत, आणि बसायचे कारण काही सांगत नसत.

परतताना कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक दगड जरूर पाहावा. चीनचा दर्यासारंग झेंग ह, जो मुस्लिम घरात जन्मला होता, त्याने हा शिलालेख श्रीलंकेत आणला. त्यावर 1409 साल आहे आणि तीन भाषा आहेत : चिनी, तमिळ आणि फारसी. चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळ मजकुरात विष्णूरूप देवाला आणि फारसी मजकुरात अल्लाहच्या नावाने नजराणे दिल्याची नोंद आहे, आणि तिन्हींचे नजराणे जवळजवळ सारखेच. हा दगड 1911 मध्ये गॉलला सापडला तो मोरीवरचे झाकण म्हणून, अक्षरांची बाजू खाली. फारसी अक्षरे सर्वांत जास्त झिजली आहेत. या बंदरात त्या काळी तीन भाषांत लिहावे लागत होते, कारण तिन्ही वाचणारी माणसे तिथे होती.

आमचा जंजिरा सिद्दींच्या तीन शतकांत कोणाला जिंकता आला नाही. तट आजही उभा आहे, तोफा आहेत, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत. पण 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, वस्ती हळूहळू किनाऱ्यावर आली आणि आतली मशीद ओसाड झाली. राजपुरीहून शिडाच्या होड्या पर्यटक भरून नेतात आणि संध्याकाळी सगळ्यांना परत आणतात. रात्री तिथे दिवा लागत नाही. गॉलमध्ये रात्री दिवे लागतात, पण त्यांतले किती घरांचे आणि किती हॉटेलांचे, हे दरवर्षी बदलते आहे.

गॉलला जाणाऱ्यांनी तटाच्या आत एखाद्या नांदत्या कुटुंबाच्या घरी उतरावे. ते महागड्या हॉटेलापेक्षा स्वस्त पडते आणि तुमचा पैसा ते घर राहते ठेवतो. मशिदीत जाताना अंगभर कपडे असावेत आणि नमाजाच्या वेळी फोटो काढू नयेत. पुरुषांनी निदान एक फज्र जमातीने पढावी. आमच्या शेवटच्या सकाळी पहिली सफ भरली होती आणि दुसरीत आम्ही धरून चार जण होतो. नाना माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांच्या पलीकडे त्यांचा बारा वर्षांचा नातू होता, डोळे चोळत.